माय पडद्याच्या मागं बसायची

सम्यक आणि मैत्री,

मी घाटंजी सोडलं ती गोष्ट तुम्हा दोघांना पाठ आहे. तरी ती पुन्हा एकदा नीट लिहून काढते, कारण या पत्रातलं पुढचं सगळं त्या एका संध्याकाळवर उभं आहे.

मी सतरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाबा मला यवतमाळच्या कॉलेजात, मुलींच्या वसतिगृहात पोचवणार होते. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवली होती. बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू होता आणि पाऊस यायच्या आत तो उठणार होता. माय म्हणाली, "चाल, आखरीचा पिक्चर पाहून येऊ." आम्ही गेलो. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसले. तिनं पदराच्या गाठीतले फुटाणे काढले आणि अर्धे माझ्या ओंजळीत घातले. सिनेमाच्या शेवटी एक बाई एकटीच पूल ओलांडून जाते, तेव्हा मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दिवे लागेपर्यंत तो काढला नाही. सकाळी एसटी सुटताना ती खिडकीशी येऊन म्हणाली, "पत्र लिहजो. तुहे बाबा वाचून दाखवतीन मले."

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुटीला मी घरी जायच्या आधी, माय तापानं गेली. तो आम्ही शेजारी बसून पाहिलेला शेवटचा सिनेमा. मी ही गोष्ट सम्यकच्या बाबांना आणि मैत्रीच्या आईला झोपवताना सांगितली, नंतर तुम्हाला सांगितली. गोष्ट पाठीवरच्या हाताशी येऊन पोचली की मैत्री म्हणायची, "आता माझ्या पाठीवर ठेव."

दुसऱ्यांदा घर सोडलं ते तीन वर्षांपूर्वी, पुसदचं. तिथल्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमचे आजोबा गेले, माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि सम्यकचे बाबा गाडी घेऊन मला न्यायला आले. भिंतीला भिंत लागलेल्या घरातली शहनाज डबा घेऊन गाडीपाशी आली. तिच्या नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डब्यात काय आहे विचारलं तर म्हणाली, "रस्त्यात उघडजा. इथं उघडसान तं रडसान." मग काचेतून वाकून म्हणाली, "पुण्यात दिल नाही लागलं तं वापस येजा, मॅडम. लाज नोका धरजा. आपलंच गाव हाय." तुझे बाबा हसले, सम्यक. मी हसले नाही, कारण ती गंमत करत नव्हती.

पुण्यात अकराव्या मजल्यावर पहिलं वर्ष मी घड्याळाकडे पाहत काढलं. सून चांगली, मुलगा चांगला, लिफ्टही चांगली. पण दिवसभरात माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. पुसदला भाजीवाली भांडायची, दूधवाला भांडायचा, शहनाज तर मेथी कशी निवडावी यावरूनही भांडायची. इथे सगळे मला "जपून हं आजी" म्हणत होते.

मग सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर गुरुवारी चार वाजता सिनेमाचा वर्ग सुरू झाला. चित्रपट रसास्वाद असं त्याचं नाव. शिकवणारे बर्वे सर आयुष्यभर हेच शिकवून निवृत्त झालेले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मी पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीवर बसले. ते एकच दृश्य पाच वेळा दाखवत आणि दर वेळी वेगळा प्रश्न विचारत. उजेड कुठून येतोय? या माणसाला खालून का दाखवलंय? कट इथेच का केला, अजून थोडं थांबले असते तर काय झालं असतं? मला वाटायचं, सिनेमा म्हणजे गोष्ट. ती संपली की सिनेमा संपला. सहा महिन्यांत कळलं की गोष्ट हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. एखादी बाई दार लावते तेव्हा कॅमेरा आत राहतो की बाहेर, एवढ्यावरून दिग्दर्शक कुणाच्या बाजूनं आहे ते समजतं. व्याकरण मला आयुष्यभर आवडत आलं आहे. पंचाहत्तरीला टेकल्यावर नवं व्याकरण हाती लागलं, याचा आनंद तुम्हाला फोनवर सांगता आला नाही. फोनवर मी फक्त "क्लास छान चाललाय" म्हणत होते.

एका गुरुवारी सर म्हणाले, "पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणारा माणूस आपल्याला निघालेला वाटतो. उजवीकडून डावीकडे येणारा परतणारा वाटतो. आपण वाचतोही डावीकडून उजवीकडे, म्हणून असेल कदाचित." मी लगेच विचारलं, "माझी पुसदची शेजारीण उर्दू वाचते, तिला काय वाटत असेल?" सर म्हणाले, "हे मी चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नाही." त्या दिवशी मी फार खुशीत घरी आले.

पुढच्या गुरुवारी ती खुशी उतरली. सरांनी एक जुना काळा-पांढरा सिनेमा लावला आणि शेवटाच्या आधी थांबवून विचारलं, "कुणी पाहिलाय?" मी पाहिला होता, घाटंजीला, दहा-अकरा वर्षांची असताना. मी म्हणाले, "शेवटी ती घर सोडून डावीकडे निघून जाते. उजवीकडे विहीर उरते. विहिरीवर दोर हलत असतो." सरांनी सिनेमा पुढे चालवला. दोर हलत होता. पण विहीर डावीकडे होती आणि ती बाई उजवीकडे गेली.

बी विंगमधले जोशी म्हणाले, "मॅडम, आपल्या वयात डावं-उजवं चुकायचंच. मी परवा चपला उलट्या घालून बँकेत गेलो होतो." सगळे हसले, मीही हसले. पण घरी येऊन जेवले नाही. आयुष्यभर माझी एका गोष्टीवर मिजास होती, ती म्हणजे पाठ असण्यावर. वर्गातल्या पन्नास मुलांची नावं मला दुसऱ्या दिवशी येत. ते जायला लागलं असेल, तर मला पुण्यात काय आणि पुसदला काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर पदर सारखा करत होते. आरशातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. आणि मला एकदम शकूमावशी आठवली.

शकूमावशी म्हणजे मायची मैत्रीण. दोघी मिळून कापूस वेचायला जायच्या. एका लग्नात ती पदर उजव्या खांद्यावर घेऊन आली. तिचा नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, "काहून वं, घाईत लुगडं उलटं गुंडाळलं का?" ती म्हणाली, "तुमाले काय समजते! पिक्चरमधल्या बाया अशाच नेसतेत." आणि मांडवातल्या आठ-दहा बायांनी माना डोलावल्या. खरंच तशाच नेसतात, सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी पाहिलं होतं, कारण त्या पडद्याच्या मागं बसायच्या.

तंबूच्या मधोमध पांढरं कापड ताणलेलं असायचं. पुढं पुरुष आणि मशीन, मागं बाया आणि लेकरं. खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूवाला कापडावर पाणी मारायचा, म्हणजे उजेड झिरपून मागच्यांनाही चित्र दिसायचं. दिसायचं सगळं, पण उलटं. आमच्या बाजूला प्रत्येक हिरो डाव्या हातानं जेवायचा. "हा बी लेकाचा डावखोराच," असं म्हणून बाया हसायच्या. भिंतीवरची घड्याळं मागं मागं चालायची. पडद्यावरची अक्षरं आरशातल्यासारखी यायची, आणि बाबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात पोरींनी शिकायचं हे ठरलेलं असल्यामुळे मागच्या बाजूला वाचता येणारी मी एकटी होते. मी उलटी नावं मोठ्यानं वाचायची. माय शेजारणीला कोपर मारायची, "आयक, माही पोरगी वाचून राह्यली."

म्हणजे माझी स्मरणशक्ती शाबूत होती. मी जसं पाहिलं तसंच मला आठवत होतं. गुरुवारी मी हे वर्गात सांगितलं. बर्वे सर खुर्चीवरून उठले. "आमच्यापैकी कुणीच तो सिनेमा पाहिलेला नाही, मॅडम. तुम्ही दुसराच पाहिलाय." जोशी म्हणाले, "मग माझ्या चपलांचं पण काही कारण निघतंय का बघा."

मी आठवीत गेले तेव्हा तंबूवाल्यानं पुढच्या बाजूला दोरी बांधून बायांसाठी जागा केली. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी तिथं बसायला लागल्या, आणि मीही. पुढून चित्र लख्ख दिसायचं, अक्षरं सुलट असायची, आणि मागं बसणं अडाण्यांचं समजलं जाऊ लागलं होतं. माय आली नाही. म्हणाली, "पुढं लोक आपल्यालेच पाह्यतेत. मंग पिक्चर कवा पाहाचा?" ती विनोदानं म्हणाली, पण खरंच बोलली. पुढं कोण कुणाच्या शेजारी टेकतं, कुठल्या वस्तीतलं आहे, यावर नजरा असायच्या. कापडाच्या मागं अंधारात सगळ्या एकमेकींना खेटून बसायच्या.

या शोधानंतर मी जे सुरू केलं ते तुम्हाला वेडेपणाचं वाटेल. लहानपणी घाटंजीला पाहिलेले जुने सिनेमे मी एकेक करून लॅपटॉपवर शोधले. पाहण्याआधी वहीत लिहायचं: अमकं दृश्य, दार कुठल्या बाजूला, कोण कुठून येतं. मग सिनेमा लावायचा. आठवणीप्रमाणे निघाला, तर मी पुढं होते. उलटा निघाला, तर मी मायच्या शेजारी होते. बर्वे सरांनी शिकवलेली नजर मी अशा कामाला लावली, जे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. एक सिनेमा उलटा निघाला की मला मायबरोबरची आणखी एक संध्याकाळ मिळायची. नावावरून गेलेलं काही परत आपल्या नावावर व्हावं तसं. असे सात मिळाले. एकात तिच्या मांडीवर झोपलेले असताना वर पाहिल्यावर तिच्या हनुवटीवर पडद्याचा उजेड हलत होता, तेही परत आलं.

मग राहिला तो एकच, पुलावरच्या बाईचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्ही आलात की दाखवीन.

शेवटचं दृश्य माझ्या मनात स्वच्छ होतं. ती बाई पुलाच्या उजव्या टोकावरून डावीकडे चालत जाते. डावीकडे चिंचेचं मोठं झाड. मी त्या संध्याकाळी मायच्या शेजारी बसले असेन, तर मूळ सिनेमात ती डावीकडून उजवीकडे जायला हवी. इतका सरळ हिशेब. सरांनी सिनेमा मिळवून पेनड्राइव्हवर आणून दिला. तो मी कपाटात ठेवला. तीन आठवडे उघडला नाही. सर विचारायचे, "पाहिलात?" मी म्हणायची, "गुडघ्यांनी हैराण केलंय." गुडघ्यांचा आणि सिनेमा पाहण्याचा काय संबंध, हे त्यांनी सभ्यपणे विचारलं नाही. मला ती संध्याकाळ हवी होती. सात मिळालेल्या एका बाजूला आणि ती एक दुसऱ्या बाजूला ठेवली असती, तर मी ती एकच उचलली असती.

एका मंगळवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खिडक्यांचे पडदे ओढले आणि सिनेमा लावला.

ती उजवीकडून डावीकडे गेली. चिंचेचं झाड डावीकडे. तंतोतंत माझ्या आठवणीतल्यासारखं.

मी पुढं बसले होते.

म्हणजे तुम्हाला सांगितलेली गोष्ट खोटी आहे, बाळांनो. मुद्दाम खोटी सांगितली नव्हती. माय गेल्यावर, वसतिगृहात असताना कधीतरी मी तिच्या शेजारी जाऊन बसले असेन, मनात. मग तिथून उठलेच नाही. पाठीवर हात नव्हता.

तो लॅपटॉप बंद केल्यावर खरी संध्याकाळ हळूहळू आली. मी तंबूपर्यंत मायबरोबर गेले होते. दाराशी माझ्या वर्गातल्या दोघी भेटल्या, "ये ना पुढं, उद्या तर चाललीस," म्हणाल्या, आणि मी गेले. अर्ध्यात रीळ बदलायला मशीन थांबलं. मागच्या बाजूला चहावाल्यानं पेट्रोमॅक्सची बत्ती लावली आणि ओल्या कापडावर मागच्या बायांच्या सावल्या उमटल्या. पुढचे सगळे हसायला लागले, कारण कुणी नाक पुसत होतं, कुणी लेकराला बदडत होतं, आणि आपण दिसतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मीही हसत होते. मग मला मायची सावली दिसली. तिच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती आणि तिथे तिनं हात टेकवून ठेवला होता. एक जाडी बाई तिथं बसायला वाकली. मायनं मान हलवली. ती बाई बाजूला सरकली. पेट्रोमॅक्स विझली.

मी उठून मागं जाऊ शकले असते. दहा पावलं होती.

घरी जाताना रस्त्यात तिनं पदराची गाठ सोडली आणि फुटाणे काढले. माझा अर्धा वाटा तिनं ठेवला होता. फुटाणे खरे आहेत, तेवढं लक्षात ठेवा. चालता चालता तिनं विचारलं, "पुढून चांगलं दिसते का वं?"

मी म्हणाले, "हो. साफ दिसतं."

ती म्हणाली, "मंग बरं झालं."

त्यानंतर आठवड्यानं मी सम्यकला व्हिडिओ कॉल करून विचारलं की लॅपटॉपवर सिनेमा आरशासारखा उलटा करता येतो का. तू मेलबर्नमधून दोन मिनिटांत करून दाखवलंस आणि म्हणालास, "आजी, हे सो वीअर्ड आहे. उलटा कशाला बघायचाय?" मी म्हणाले, सावकाश सांगीन. हे पत्र म्हणजे ते सांगणं आहे.

काल दुपारी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तो सिनेमा मायच्या बाजूनं पाहिला. सुरुवातीची नावं उलटी आली. साठ वर्षं झाली, तरी मला ती अडखळल्याशिवाय वाचता आली, आणि मी मोठ्यानं वाचली. स्वयंपाकघरातून कामवाल्या मावशी डोकावून म्हणाल्या, "कुणाशी बोलताय आजी?" मी म्हणाले, "बसा, तुम्हालाही वाचून दाखवते." त्या बसल्या. दहा मिनिटं त्यांना सगळं चमत्कारिक वाटलं. मग म्हणाल्या, "हा डाव्या हातानं जेवतो की हो." मी इतकी हसले की सिनेमा थांबवावा लागला.

शेवटी पूल आला. ती बाई डावीकडून निघाली आणि उजवीकडे चालत गेली. सरांचं व्याकरण मला तेव्हा आठवलं. ती कुठे चालली आहे हे सिनेमा सांगत नाही. पण मी पुढून पाहिली तेव्हा ती परत येत होती. दुसऱ्या दिवशी गाव सोडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला ते फार बरं वाटलं होतं, हे मला आता समजतं. कापडाच्या पलीकडे, त्याच क्षणी, माय जे पाहत होती त्यात ती बाई निघून चालली होती.

मैत्री, तू मागच्या वर्षी विचारलं होतंस की मला आता घर कुठलं वाटतं, घाटंजी, पुसद की पुणे. मी तेव्हा शिक्षिकेसारखं उत्तर दिलं, की तुम्ही सगळे जिथं आहात ते. ते उत्तर खोडते. माझं घर त्या गोणपाटावर मायनं हात टेकवून राखलेली जागा आहे. मी तिथं वेळेवर पोचले नाही. काल पोचले, आणि शेवटपर्यंत उठले नाही.

तुमची,
आजी